फारमगुरुजी

आमच्या गावात जन्माला आलेल्या पोराला तीन गोष्टी चुकत नाहीत : पोलिओचा डोस, सिद्धनाथाचा गुलाल आणि फारमगुरुजी. पहिल्या दोन लागून जातात, वाळतात, माणूस विसरतो. तिसरी गोष्ट दारात सायकल लावते, घंटी वाजवते आणि विचारते, "टक्के किती?"

नाव नंतर, बापाचं नाव त्याच्या नंतर. 'टक्के किती' हा गुरुजींचा रामराम. पाळण्यातल्या पोराला टक्के नसतात एवढीच काय ती त्यांची अडचण. तिथं ते 'जन्माचा दाखला काढला का' एवढ्यावर भागवतात आणि पोरगा की पोरगी हे दाखल्यावर वाचून घेतात. फॉर्मचं आमच्याकडं फारम होतं, म्हणून गुरुजींचं फारमगुरुजी झालं. खरं नाव पेन्शनच्या पुस्तकात आहे म्हणतात. काढून बघायची वेळ कुणावर आली नाही.

मयताच्या घरी माणसं 'वाईट झालं' म्हणून गप्प बसतात. गुरुजीही बसतात, पण निघताना मयताच्या भावाला बाजूला घेऊन सांगतात, "मृत्यूचा दाखला महिन्याच्या आत काढ. चार प्रती. पोराच्या फारमाला लागंल." लग्नात सगळे अक्षता टाकून पंगतीकडं पळतात, तेव्हा गुरुजी नवरीच्या बापाशी बोलत उभे असतात. "नाव बदलणार असाल तर गॅझेटला देऊन टाका. दाखल्यावर एक आणि बँकेत एक झालं की पोरीची शिष्यवृत्ती लोंबकळती." नवरी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे हे तिच्या सासरच्यांना असं मांडवातच कळायचं. एकदोन लग्नं त्यानं मोडता मोडता राहिली. दोन पोरी मात्र पदवीधर झाल्या.

खांद्याला कायम खाकी पिशवी. तिच्यात शासननिर्णयांची चळत, शाईचा पॅड, गोंदाची बाटली, स्टेपलर, आणि बनियनच्या खिशात प्लॅस्टिकच्या पाकिटात फोटो. माणूस खिशात देवाचा नाहीतर नातवाचा फोटो ठेवतो. गुरुजींच्या खिशात सबंध गावाची पोरं आहेत, पासपोर्ट साइज, पांढरी पार्श्वभूमी, प्रत्येकी चार प्रती. काकू, म्हणजे गुरुजींची बायको, एकदा म्हणाल्या, "साठ वर्षं झाली लग्नाला. माझा एक फोटू न्हाई त्या खिशात." गुरुजी म्हणाले, "तुझी कुठली योजनाच नाही ना."

मी सातवीला होतो तेव्हा शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची; पाचवी-आठवीचा बदल फार पुढचा. परीक्षेच्या आधी दोन महिने गुरुजी आम्हा निवडक नऊ जणांना शाळेतच झोपवायचे. आम्ही घरून पटकूर आणि भाकरी घेऊन जायचो. पहाटे चारला कंदिलाची वात मोठी व्हायची आणि अंधारातून आवाज यायचा, "गटात न बसणारे पद ओळखा. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी." डोळे न उघडता नऊ तोंडांतून 'कोंबडी' बाहेर पडायचं. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी असे तीन पेपर. त्यातल्या बुद्धिमत्तेवर गुरुजींचा जीव. आरशातली प्रतिमा, लयबद्ध मालिका, आणि सगळ्यांत लाडकं हे गटात न बसणारं पद. त्याची आम्हाला इतकी सवय झाली की जेवायला बसलो तरी ताटातला वेगळा घटक शोधायचो. बहुतेक वेळा ताटात दोनच घटक असायचे, त्यामुळं प्रश्न रद्द व्हायचा.

नवातल्या सहा जणांना शिष्यवृत्ती मिळाली. गुरुजींनी लाल पुठ्ठ्याची एक लांबडी वही काढून आमची नावं तिच्यात घातली. ती वही अजून चालू आहे. अनुक्रमांक, नाव, शिष्यवृत्ती, गाव सोडल्याची तारीख आणि शेवटचा रकाना 'परत आल्याची तारीख'. गुरुजी आम्हाला नावानं ओळखत नाहीत, अनुक्रमांकानं ओळखतात. मी एक्केचाळीस. "एक्केचाळीसला दुसरी मुलगी झाली," "सदतीसचा बाप पडला, मांडीचं हाड मोडलं," अशा बातम्या गावात फिरतात आणि नवख्या पाहुण्याला आपण चुकून तुरुंगात आलो की काय अशी शंका येते.

पहिले चार रकाने गच्च भरलेत. पाचवा पांढरा. गुरुजी त्याच्यात पेन्सिलीनं काहीबाही लिहून ठेवतात, रिकामा दिसू नये म्हणून. 'दिवाळी, दोन दिवस.' 'आईच्या वर्षश्राद्धाला, रात्रीच गेला.' माझ्यापुढं एके ठिकाणी लिहिलंय, 'यात्रेला. जेवला.'

रिकाम्या रकान्याचं गावात खरं तर कुणाला नवल नाही. खानापूर-आटपाडीकडचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या गाव सोडूनच जगला. पाऊस नाही, म्हणून पोरगा मिसरूड फुटायच्या आधी मामाच्या नाहीतर चुलत्याच्या गलाईच्या दुकानात जायचा. तमिळनाडूत, केरळात, बंगालात, दिल्लीत, जिथं सराफकट्टा तिथं एका बोळात भट्टी पेटवून आमचा माणूस सोनं गाळत बसलेला. तो यात्रेला येतो, बंगला बांधतो, बंगल्याला कुलूप घालतो आणि जातो. गुरुजींचा हिशेब त्यावरूनच सुरू होतो. "सोनं परगावचं, गाळायला पोरं आपली. आता पोरंच सोन्यासारखी झाली तर तीही परगावची? मग आपलं काय, नुसती भट्टी?" पुढं टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी उचलून आमच्या माळावर आणलं, द्राक्षं-डाळिंबं आली, तेव्हा गुरुजी कालव्याच्या कडेला उभं राहून म्हणाले होते, "पाणी चढाला आणता आलं यांना. पोरं उताराला आणता येईनात."

यावरचा त्यांचा उपाय सोप्यात भिंतीवर टांगलेला आहे : सयाजीराव गायकवाडांचा फोटो. नवीन माणूस घरात आला की त्याला चहाआधी बडोदा मिळतं. "एकोणीसशे तेरा साल. सयाजीरावांनी बाबासाहेबांना अमेरिकेला पाठवलं. कोलंबिया विद्यापीठ. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. पण नुसती खिरापत वाटली नाही महाराजांनी! करार केला. शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी." इथं गुरुजी दहा बोटं उघडून समोरच्याच्या नाकापुढं धरतात. "याला म्हणतात शिष्यवृत्ती. आपल्या सरकारची बिनअटीची. पतंग उडवायचा आणि मांजा हातात ठेवायचाच नाही, असलं आपलं."

मी एकदा वाद घातला. म्हटलं, "गुरुजी, महाराज स्वतः मूळचे कवळाण्याचे, मालेगाव तालुक्यातले. १८७५ साली बाराव्या वर्षी दत्तक गेले ते गेलेच. ते कुठं कवळाण्याला परत आले?"

गुरुजी थोडा वेळ फोटोकडं बघत राहिले. तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, "ह्येंचं तरी गाव कुठं ह्ये हाय? जत तालुक्यातलं माणूस. बदलीवर आलं ते हितंच चिकाटलं." गुरुजींनी चष्मा पुसला. "बदलीची केस वेगळी असते," म्हणाले, "ती या फारमात बसत नाही."

अटीचं हे वेड त्यांनी मुंबईपर्यंत पोचवलं. प्रत्येक शिष्यवृत्तीत 'परतीचे कलम' घालावं म्हणून अर्ज. फुलस्केप, दोन्ही बाजूंनी, समास सोडून. महिन्या-दोन महिन्यांनी उत्तर यायचं : 'आपले पत्र पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी अमुक विभागाकडे वर्ग करण्यात आले आहे.' अमुक विभागाचं उत्तर यायचं की ते तमुक विभागाकडं वर्ग केलंय. गुरुजी कौतुकानं सांगायचे, "चौथा वर्ग झाला पत्राचा. एकदाही नापास नाही."

त्यात त्रेसष्ट नंबरनं घात केला. त्रेसष्ट म्हणजे गलाईवाल्याचा मुलगा, हुशार, सरकारी कॉलेजात एमबीबीएसला लागला. तिथं मात्र सरकारनं अट घातली होती. एक वर्ष ग्रामीण भागात नोकरी, नाहीतर दहा लाख भरा. गुरुजींनी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या क्वार्टरला स्वखर्चानं चुना मारून घेतला. नळाला तोटी बसवली. वहीत शाईच्या पेनानं तारीख टाकायची म्हणून पेन धुऊन ठेवलं. आणि त्रेसष्टच्या बापानं दहा लाख भरले! पोरगं पुढच्या डिग्रीच्या तयारीला लागलं, एक वर्ष वाया कशाला घालवायचं, असा साधा व्यवहार. बाप गुरुजींना पेढे द्यायला आला तेव्हा गुरुजी म्हणाले, "गावातून जायला पैसे लागतात हे माहीत होतं. न येण्यासाठी रोख मोजणारा तू पहिला." तीन दिवस त्यांनी दाढी केली नाही. चौथ्या दिवशी कुणाचं तरी नॉन-क्रिमीलेअर अडलं होतं, म्हणून केली.

मधल्या काळात शिष्यवृत्त्या संगणकात गेल्या. महाडीबीटी आलं. इतकी वर्षं गुरुजींचा रुबाब 'खरी प्रत' या शिक्क्यावर होता. स्वयंसाक्षांकन आल्यावर शिक्का गेला आणि ते महिनाभर कुंकू पुसल्यासारखे दिसत होते. मग त्यांनी नातवाकडून वेबसाइट शिकून घेतली. ज्या पोरांकडं फोन नव्हता त्यांच्या फारमात स्वतःचा नंबर टाकला. अशी चाळीस पोरं. त्यामुळं रात्री अकराला फोन टुणटुणला की काकू झोपेत विचारतात, "कुणाचा ओटीपी?" आणि गुरुजी उशीखालच्या कागदावर आकडे उतरून घेतात. कुणाचं आधार बँकेला जोडलेलं नसतं, कुणाचा उत्पन्नाचा दाखला मार्चला मेलेला असतो, सर्व्हर तर कायम आजारीच. कॉलेजातला बाबू काहीतरी खोट काढतो आणि पडद्यावर अर्जासमोर 'सेंड बॅक' उमटतं. बाकीची माणसं तिथं कपाळाला हात लावतात. गुरुजी हसतात. "चला, काहीतरी परत आलं. पोरं जातात ती येत नाहीत, अर्ज तेवढा घराची ओढ धरून आहे."

मग एका रविवारी अटलांटाहून सदतीस नंबरचा फोन आला. सदतीस म्हणजे आमच्या नवातला पहिला, पहाटे चारला सगळ्यांच्या आधी 'कोंबडी' म्हणणारा. त्याच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली होती, जॉर्जिया राज्याची, नाव 'होप'. बातमी सांगण्यासारखा माणूस त्याला गुरुजींशिवाय दुसरा कुठला आठवणार? मी नेमका त्या दिवशी सोप्यात होतो. गुरुजींनी फोन स्पीकरवर टाकला आणि वही पुढ्यात ओढली.

"टक्के किती लागतात?"

"सरासरी बी ग्रेड पाहिजे, गुरुजी. राज्यात राहणारा पाहिजे आणि राज्यातल्याच कॉलेजात शिकायला पाहिजे. १९९३ पासून आहे ही योजना."

"राज्यातल्याच? का बरं?"

"हुशार पोरं राज्याबाहेर जाऊ नयेत म्हणून."

गुरुजींच्या हातातली पेन्सिल थांबली. "आणि शिकून झाल्यावर बाँड?"

"बाँड नाही. कुठंही जा. पण जातंय कोण? नोकऱ्या इथंच आहेत की अटलांटात."

"पैसा कुठनं काढतं सरकार?"

"लॉटरीतून."

फोन ठेवल्यावर गुरुजी बराच वेळ गप्प होते. पट्टीचा मार खाऊन आल्यासारखे. मग म्हणाले, "बघ एक्केचाळीस. सदतीसला आपण फारम भरून गावाबाहेर घालवला. त्याच्या पोरीला त्या राज्यानं फारम भरून ठेवून घेतलं. फारमात ताकद आहे रे. आपण फक्त उलट्या अंगानं लावली."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर बोभाटा झाला, गुरुजी लॉटरीच्या टपरीसमोर उभे आहेत! जन्मभर लॉटरीवाल्याला शिव्या दिलेला माणूस. त्यांनी तिकीट घेतलं नाही, फक्त विचारलं, "या पैशाचं पुढं काय होतं?" टपरीवाला म्हणाला, "गुरुजी, पुढचं मला ठावं न्हाई. लोकांचं जात्यात एवढं बघतो."

लॉटरी नाही तर नाही. गुरुजींनी गलाईवाल्यांना गाठलं. यात्रेला बंगल्यांची कुलपं निघाली तशी ते एकेका दारात उभे राहिले आणि पंधरा दिवसांत गावची स्वतःची शिष्यवृत्ती उभी राहिली. खाणावळ, खोलीभाडं, पुस्तकं, जे सरकारी फारमात बसत नाही ते सगळं गाव देणार. आणि अट! जन्मभराची हौस. स्टँपपेपरवर गुरुजींनी स्वतःच्या अक्षरात करारनामा उतरवला. लिहून देणार : विद्यार्थी. लिहून घेणार : समस्त ग्रामस्थ. अकरा कलमं. शिक्षण पुरं झाल्यावर पाच वर्षं तालुक्याच्या हद्दीत राहून व्यवसाय करीन, विनाकारण पुणे-मुंबईस जाणार नाही, गेल्यास चोवीस तासांत परतेन. नववं कलम तर असं होतं की लग्न ठरल्यास पाहुण्यांना या कराराची कल्पना दिली जाईल.

देवळात ग्रामसभा भरली. करार वाचून दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कुणीही अर्ज केला नाही. "गुरुजी, पैसं ऱ्हाऊ द्या, पोरगं हितं ऱ्हाऊन करणार काय?" हा प्रश्न विचारणाऱ्यांत देणगी दिलेलेही होते. महिनाभर फारमांचा गठ्ठा कोरा. शेवटी एकच अर्ज आला. खालच्या वस्तीतल्या एका मुलीचा, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासाठी. बाप हमालीला, आई द्राक्षबागेत रोजानं. सरकारी शिष्यवृत्ती तिला होतीच, वरचं गावानं दिलं. पोरीनं अकरा कलमं उभ्यानं वाचली, फक्त नवव्यापाशी हसली आणि सही केली. वहीत तिचा नंबर एकशे बारा.

साडेपाच वर्षांनी एकशे बारा परत आली.

गुरुजींनी स्टँडवर हार नेला होता. बँडवाल्यानं तीन हजार सांगितले म्हणून बँड राहिला. पोरगी एसटीतून उतरली, एका हातात ट्रंक आणि दुसऱ्यात गमबूट. खिल्लार जनावराच्या मुलखात शिकलेली जनावरांची डॉक्टर आली. खरसुंडीच्या बाजारात बैलाचे दात मोजून किंमत ठरवणारी माणसं कौतुकानं बघायला जमली. एक म्हातारा म्हणाला, "बाईमाणूस बैलाला हात लावणार?" दुसरा म्हणाला, "बैलाला इचारा की." इथपर्यंत सगळं गमतीतच चाललं होतं.

मग दवाखान्यासाठी गाळा शोधायची वेळ आली. डेअरीजवळच्या रांगेत चार गाळे रिकामे होते, शटरवर 'भाड्याने देणे आहे' आणि खाली फोन नंबर. गुरुजी तिला घेऊन निघाले. पहिल्या मालकानं विचारलं, "कुणाची ही?" कुणाची ते कळल्यावर त्याला आठवलं की गाळा पाहुण्याला कबूल केलाय. दुसऱ्याला आठवलं, थोरला मुलगा किराणा टाकणार आहे. तिसऱ्याला काहीच आठवेना, म्हणून तो म्हणाला, "घरात विचारून सांगतो." चौथा शटरवरचा कागद फाडत होता. या चौघांतल्या तिघांनी गावच्या शिष्यवृत्तीला पैसे दिले होते. त्यांच्या पावत्या गुरुजींच्या पिशवीत होत्या.

घरी येऊन गुरुजी सोप्यात बसले. सवयीनं बडोद्याकडं बघितलं. आणि बोलायला काही नव्हतं म्हणून की काय, तिलाच धीर द्यायला सुरू केलं, "एकोणीसशे तेरा साली महाराजांनी..."

"गुरुजी," एकशे बारा म्हणाली, "दर वेळी तेरा सालावरच थांबता तुम्ही. सतराचं सांगा की."

गुरुजी गप्प.

"बाबासाहेब अट पाळायला आले १९१७ ला बडोद्याला. ऑफिसातला शिपाई लांबून फायली टाकायचा. अख्ख्या शहरात राहायला जागा मिळेना. पारशाच्या धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले, तर अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले. ते बडोद्यातल्या बागेत येऊन बसले आणि मग मुंबईला गेले. आमच्यात लहानपणापासून सांगतात हे." तिनं ट्रंकेतून कराराची झेरॉक्स काढली. आवाज चढला नव्हता, आकडा तपासावा तसं तिनं बोट ठेवलं. "यात लिहून देणारी मी एकटी. गाव नुसतं लिहून घेणार. अकरा कलमं आहेत, सगळी माझ्यावर."

त्या वेळी मी तिथं नव्हतो. हे काकूंनी मला सांगितलं. काकू म्हणाल्या, साठ वर्षांत पहिल्यांदा ह्या माणसानं कुठला तरी कागद वाचताना मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सोपा रिकामा करायला घेतला. सोप्यात तसं सामान नव्हतंच. होते ते शासननिर्णय. चाळीस-पन्नास वर्षांचे, सालवार, विभागवार, सुतळीनं बांधलेले, छतापर्यंत. अधिक्रमित झालेले वेगळे, शुद्धिपत्रकं वेगळी. दोन गडी लावून ते गठ्ठे अंगणात काढले. भिंतींना चुना मारला, आरोग्य केंद्राच्या क्वार्टरला मारून उरलेलाच. सयाजीराव तेवढे जागेवर राहिले, पण आता त्यांच्या खाली लसींचा फ्रिज आला. आणि गुरुजींनी नवा स्टँपपेपर आणला. लिहून देणार : स्वतः. सोपा पाच वर्षं बिनभाड्यानं, वीजबिलासह. लिहून घेणार : एकशे बारा. काकूंनी साक्षीदार म्हणून अंगठा उठवला, आणि त्या निमित्तानं त्यांचा पासपोर्ट साइज फोटोही निघाला. चार प्रती. एक करारावर, तीन खिशात.

उद्‌घाटनाला नारळ फोडायच्या आधीच पहिला पेशंट आला. शेजारच्या म्हातारीची शेळी, पोट ढोलासारखं फुगलेलं, पाय ताठ. डॉक्टरणीनं डाव्या कुशीवर बोटांनी वाजवून बघितलं आणि म्हातारीला विचारलं, "काय खाल्लं हिनं?" म्हातारीनं अंगणाकडं बोट केलं. गठ्ठ्यांतला एक सुटला होता. सुतळीसकट अर्धा गायब. गुरुजी धावत गेले, उरलेलं पान उलटून बघितलं आणि ओरडले, "अगं, वसतिगृहाचा आहे! एकाहत्तरचा! मूळ प्रत!"

"मूळ प्रत पोटात आहे," डॉक्टरीण म्हणाली, "गोडंतेल आणा."

तिनं शेळीला तेल पाजलं, पुढचे पाय उंचावर धरायला गुरुजींनाच लावलं आणि कूस चोळत बसली. अर्ध्या तासानं शेळीनं एक दीर्घ ढेकर दिला. अंगणात जमलेल्या मंडळींत एक निवृत्त तलाठी होता. तो म्हणाला, "सरकारी कागद पचायला येळ लागतोच." गाळा नाकारलेल्यांपैकी दोघे गर्दीत होते, मागं. त्यांचं मन बदललं असं काही सांगता येत नाही. त्यांच्या म्हशी मात्र आता येतात. म्हैस दारात बांधतात, स्वतः रस्त्यावर उभे राहतात. डॉक्टरीण फी म्हशीच्या गळ्यात चिठ्ठी बांधून कळवते, आणि त्यांच्यासाठी ती थोडी जास्त आहे असं ऐकतो.

परवा यात्रेला गेलो होतो. सोप्यात औषधांचा वास, बाकावर दोन धनगर, त्यातल्या एकाच्या मांडीवर कोकरू. गुरुजींचं बूड आता ओसरीच्या पायरीवर. पुढ्यात सहा-सात पोरं, पिशवी भिंतीला. चाचणी चालू होती. "गटात न बसणारे पद ओळखा. पुणे, मुंबई, बंगळूर, अटलांटा, आपलं गाव."

"अटलांटा," एक पोरगा म्हणाला. "परदेश."

"मुंबई. समुद्र हाय."

"पुणं," तिसरी म्हणाली, "माझा दादा तितं हाय." हिचं कारण गुरुजींनी विचारलं नाही. बाकीच्यांनाही बरोबर-चूक काही सांगितलं नाही, उत्तरं नुसती ऐकून घेतली. मग मला बघून त्यांनी लाल वही ओढली.

एकशे बाराच्या ओळीत पाचव्या रकान्यात तारीख होती. निळ्या शाईची, ठसठशीत, खाली दोन रेघा. वर-खाली सगळा रकाना पेन्सिलीचा. गुरुजींनी एक्केचाळिसावी ओळ काढली, 'यात्रेला. जेवला.' याच्या पुढं आजची तारीख घातली आणि मान वर न करता विचारलं, "मुक्काम किती?"

"उद्या सकाळची गाडी आहे, गुरुजी."

त्यांनी कंपासपेटीतून खोडरबर काढलं आणि वहीवर ठेवलं.

"मग जाताना तूच खोड," म्हणाले. "माझे हात हल्ली शेळ्या धरून दुखतात."